अंगठ्याला न कळलेली सत्ती

मी इस्पिकची सत्ती बोलतेय. चीनमधल्या चंगदू शहराच्या कडेला, चौथ्या मजल्यावरच्या एका घरात, बिस्किटांच्या डब्यात असते.

कारखान्यात मला कापलं, गुळगुळीत केलं. जन्माचं एवढंच आठवतं. मग युनतिंगने पत्त्यांचे आमचे चार जोड विकत आणले. तिची मुलगी दोउदोउ सात महिन्यांची. तिचा जरा डोळा लागतो तोच सासूबाईंचा माजोंगचा डाव बसायचा आणि सोंगट्यांच्या खडखडाटाने पोर दचकून उठायची. रविवारी युनतिंग नवऱ्याकडे, दूरच्या कारखान्यात कामाला परत जाणार होती. पोर सासूबाईंजवळ राहणार होती. निदान तिची झोप तरी नीट व्हावी, एवढंच युनतिंगचं म्हणणं.

आमच्याकडच्या माजोंगात रंग तीनच, एक ते नऊ, प्रत्येक सोंगटी चारदा. म्हणून सोंगट्यांऐवजी आम्हाला वापरायला तिने चौकट सगळी काढली. दश्शे, गुलाम, राण्या, राजे, जोकर काढले. एक्का म्हणजे एक. एकशे आठ उरलो. आवाज नाही.

"भुतांचा खेळ वाटतोय," शेजारच्या थान काकू म्हणाल्या. "आपटायला काहीच नाही."

"घरी जाऊन नवऱ्याला आपटा," डावाला आलेले लियाओ काका म्हणाले. "इथे पोर झोपलीय."

चौथी युनतिंग बसली.

सुरुवातीलाच प्रत्येकाने एक रंग सोडायचा असतो. सासूबाईंनी इस्पिक सोडलं. मी त्यांच्याच हातात होते, मला आधी टाकायला हवं होतं. त्यांनी माझ्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. आणि मला किलवरच्या शेजारी लावून ठेवलं.

डाव संपला तेव्हा त्यांच्या हातात तिन्ही रंग होते. अशा खेळणाऱ्याला आमच्याकडे ठिपक्यांचं डुक्कर म्हणतात.

"तीस वर्षं मला डुक्कर म्हणत आलीस," थान काकू म्हणाल्या, "आज आरशात बघ."

सासूबाईही हसल्या. युनतिंग हसली नाही.

सगळे गेल्यावर तिने मला उचललं. "आई, हा कुठला पत्ता?"

सासूबाईंनी अंगठा फिरवला. "गुळगुळीत आहे गं."

"डोळ्यांनी सांगा."

त्यांनी मला टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, नीट दिसत नाही. सोंगट्यांवर कोरलेलं असतं. अंगठ्याला कळायचं."

"आणि दोउदोउ? ती रांगत गॅलरीत गेली तर?"

"तिचा आवाज येतो ना."

युनतिंगने मला डब्यात ठेवलं. ती रडली नाही, भांडली नाही. दुधाची बाटली उकळत ठेवली आणि तिच्याजवळच उभी राहिली.

रविवार आला, गेला. तिची बॅग दाराजवळ तशीच आहे, अर्धी भरलेली. नवऱ्याचा फोन येतो, ती "हं" म्हणते. दुपारी सोंगट्या पुन्हा खडखडतात. पोर उठते, ती उचलते. सासूबाई अजून जिंकतात.

मी बरं केलं की वाईट, मला कळत नाही. काही वाटतही नाही. एवढंच सांगते, घरातलं कुणी पत्त्यावर दोनदा अंगठा फिरवताना दिसलं, तर हसण्याआधी त्याच्या डोळ्यांकडे बघा.