भुशावर फुंकर

विट्याला मामांच्या घरी कधीही गेलं तरी आधी कानावर येतो तो ब्रशचा आवाज. मऊ, सावकाश, निजलेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा. माघातलं तिरपं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून फरशीवर उतरलेलं असतं, अंगणातल्या शेवग्याची पांढरी फुलं वाऱ्याबरोबर उंबऱ्यापर्यंत आलेली असतात, आणि मामा उकिडवे बसून लाकडाचा भुसा झाडत असतात. सगळं जग केर आतून बाहेर काढतं. मामा उंबऱ्याकडून आत झाडतात. मग तो भुसा कागदावर घेऊन काचेच्या बरणीत सोडतात आणि झाकण घट्ट लावतात. सागाचा एका बरणीत, शिसवाचा दुसऱ्या, आंब्याचा तिसऱ्या. त्या बरण्यांचं पुढे काय करायचं, हे त्यांनाही माहीत नाही.

ही खोड मदुराईची. विट्याकडच्या पुष्कळ माणसांसारखे मामाही ऐन तारुण्यात सोनं गाळायच्या धंद्यात परमुलखाला गेले आणि तिथल्या एका अरुंद गल्लीत तीस वर्षं भट्टीसमोर बसले. त्या धंद्यात जमिनीवरच्या धुळीलाही मोल असतं. रोज संध्याकाळी ती गोळा करायची, साठवायची, जाळायची, आणि तिच्यातून कणभर का होईना सोनं परत मिळवायचं. ती धूळ उडू नये म्हणून भर वैशाखातही त्यांच्या खोलीत पंखा लागत नसे. परतताना मामांनी दोनच गोष्टी बरोबर आणल्या असं मामी म्हणते: घोड्याच्या केसांचा तो ब्रश, आणि मोजताना तमिळमध्ये पुटपुटायची सवय. ओण्णु, रेंडु, मूणु करत ते फळीवर पेन्सिलीच्या खुणा करतात आणि मामी स्वयंपाकघरातून हसते. ती तीस वर्षं इथंच होती, सासू-सासऱ्यांपाशी. नवरा दिवाळीला आणि जत्रेला यायचा.

गावी आल्यावर मामांना लाकडाच्या नक्षीचा नाद लागला. सोनाराकडे असते तसल्या, केसाएवढ्या पात्याच्या हातकरवतीने ते पातळ फळीतून मोर काढत, वेली काढत, जास्वंदीची पाकळी अशी कोरत की तिच्यातून आलेला उजेडही नाजूक वाटावा. पण गेल्या पावसाळ्यापासून त्यांचा उजवा हात कापू लागला. वय झालं, एवढंच डॉक्टर म्हणाले. एका दुपारी चार-चार पाती मोडू लागली. त्यातच त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली, आणि मामांनी मनाशी धरलं की नातवंडाच्या पाळण्यावर आपल्या हातच्या बारा चिमण्या टांगायच्या.

"मशीन घिऊन बगतो. जमलं तर जमलं. न्हाई तर समदी हत्यारं कुणालातरी दिऊन टाकतो," ते म्हणाले. मामीचा पिठातला हात परातीतच थांबला. तिला माहीत होतं, हत्यारं गेली की हा माणूस दिवसभर खिडकीत बसून राहील.

मी कराडच्या एका कॉलेजात मुलांना वर्कशॉप शिकवते, म्हणून यंत्र निवडायचं काम माझ्यावर आलं. खरं सांगते, मी सांगलीला गेले ती कोणतंच यंत्र पसंत पडू द्यायचं नाही असं ठरवून. थरथरत्या हाताजवळ धावतं पातं ठेवायची माझी छाती नव्हती.

मामीची भिशी लागली होती, तेवढीच मर्यादा. दुकानात नक्षी कापायचे तीन स्क्रोल सॉ होते, विजेवर चालणारे. पहिल्याची किंमत ऐकून मामांनी त्याला नुसता नमस्कार केला. दुसरा स्वस्त होता. मामांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं, यंत्राच्या पाटावर कडेवर उभं केलं आणि बटण दाबायला सांगितलं. नाणं थरथरलं, पडलं आणि गडगडत मांडणीखाली गेलं. "ह्ये तर माज्यापेक्षा जास्त कापतंय," मामा म्हणाले, आणि दुकानदाराला वाकायला लावून नाणं परत घेतलं. तिसऱ्यावर नाणं उभंच राहिलं. शिवाय त्याला बिनपिनेचं, टोकाला आडवी खीळ नसलेलं पातं लागत होतं, म्हणजे चिमणीच्या डोळ्याएवढ्या भोकातूनही ते ओवता येणार होतं.

मी काहीतरी खोट काढणार, तोच मामांनी फळीचा एक तुकडा त्या पाटावर धरला. स्क्रोल सॉचं पातं एका जागी राहून वरखाली होतं, फिरवायचं असतं ते लाकूड, आणि त्यासाठी दोन्ही तळवे पाटावर टेकवून ठेवावे लागतात. मामांचे तळवे टेकले आणि त्यांचा कंप थांबला. ते आपल्याच हातांकडे बघत राहिले. खोट काढायचा विचार मी तिथंच सोडून दिला.

यंत्राला एक लवचिक नळी होती, पात्याजवळचा भुसा फुंकून उडवणारी. मामांचा चेहरा बदलला.

"ह्ये फुकतंय व्हय? काडा ते. आन तेवढं कमी करा."

"मामा, ते लागतं," मी म्हटलं.

"पोरी, भुशावर वारा घालायचा नसतो."

दुकानदाराने हसत नळी काढून ठेवली आणि किंमत थोडी उतरवली. मामा परतीच्या एसटीत लढाई जिंकून आल्यासारखे बसले होते.

दुसऱ्या दिवशी पहिली चिमणी कापायला घेतली. पाठीची गोलाई आली, शेपूट आली, आणि भुसा साचत साचत पेन्सिलीची रेघ त्याच्याखाली बुडून गेली. मामा अंदाजाने पुढे गेले, आणि चिमणीची चोच तुटून खाली पडली. त्यांनी यंत्र बंद केलं, ती चोच उचलून तळहातावर ठेवली.

"हात ग्येलं," ते म्हणाले.

मी नळीचं परोपरीने सांगत होते, पण ते त्यांच्या कानांपर्यंत पोचत नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर श्वास आवरून कण राखले, त्याला दोष हातांत दिसत होता, फुंकरीच्या अभावात नव्हे. त्यांनी यंत्रावर धोतराचा जुना कपडा टाकला.

तेवढ्यात मामी परसातून आली. पाणी तापवायच्या चुलीवरची लोखंडी फुंकणी तिच्या हातात होती. तिने कपडा काढला, स्टूल ओढून ती मामांच्या समोर बसली आणि फुंकणी पात्याजवळ धरून एक लांब फुंकर घातली. भुसा उडाला, उन्हात चमकला, खोलीभर झाला. मामा अंग चोरून मागे सरले.

"अगं, उडाला की समदा."

"उडू द्या. आवं, रेघ दिसती का न्हाई ते बगा. तुमी चालवा, भुसा मी गोळा करती."

त्यांनी दुसरी फळी घेतली. यंत्राच्या घरघरीत मामीची फुंकर मधूनमधून येत होती, अगदी बेताची, आणि तिच्यामागून रेघ पुन्हा उघडी पडत होती. मी दाराशी उभी राहून बघत होते. दुसरी चिमणी चोचीसकट सुटून मामांच्या हातात आली. त्यांनी ती उजेडात धरली, मग मामीपुढे केली, आणि खाली सांडलेल्या भुशाकडे पाहायचं विसरून गेले. मला वेड्यासारखं हसू येत होतं आणि डोळेही भरत होते.

फाल्गुनात नात झाली. बारशाच्या दिवशी पाळण्यावर बाराऐवजी तेरा चिमण्या टांगलेल्या होत्या. बिनचोचीची मामीने हट्टाने मध्यभागी लावली होती. "ती न्हाई खात कुणाचं," ती बायकांना सांगत होती.

परवा पुन्हा गेले. उंबऱ्यापासूनच ब्रशचा आवाज आला. आत पाहिलं तर फरशीवरचा भुसा तसाच पडलेला होता. काम संपवून दोघं खिडकीशी बसली होती, आणि मामा सोन्याची धूळ झाडायच्या आपल्या त्या ब्रशने मामीच्या पांढऱ्या केसांतला भुसा टिपून कागदावर घेत होते.

"हलू नगंस. कानामागं ऱ्हायलंय."

"लोक काय म्हनतील," मामी म्हणाली, पण उठली नाही.

फळीवर चौथी बरणी दिसली. तिच्यात साग, शिसव, आंबा सगळं एकत्र होतं. मामीच्या केसांतून निघालेला भुसा तिच्यात जात होता. मदुराईच्या फरशीवरून एक कणही वाया जाऊ न देणाऱ्या या माणसाची तीच तीस वर्षं इथं, या घरात, कुणी न राखता उडून गेली होती, आणि ती कुठल्याही भट्टीतून परत निघणार नाहीत हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. तरी मामा अगदी सावकाश ब्रश फिरवत होते, आणि मामी मान हलवत नव्हती.