करवतबाईंचं हाड

"मॅडम, कापू ना?"

विद्यार्थिनीनं पुन्हा विचारलं. करवतीची चकती थांबलेली होती, तिच्यावरून पाणी ठिबकत होतं, आणि पकडीत वीतभराचं एक नडगीचं हाड अडकवलेलं होतं. बाई त्या हाडाकडे नुसत्या बघत होत्या.

या बाईंना सगळं संशोधनक्षेत्र करवतबाई म्हणे. झाडाच्या बुंध्यात असतात तशी प्राचीन प्राण्यांच्या हाडांतही वयाची वलयं असतात. हाडाचा पातळ काप घासून भिंगाखाली धरायचा. वलयं दाट दिसली तर प्राणी वाढलेला, नाहीतर पिल्लू. कुणीतरी थाटात नवा प्राणी जाहीर करावा आणि बाईंनी काप दाखवून म्हणावं, "अहो, हे तर जुन्याच प्राण्याचं पिल्लू!" झालं, नवं नाव बाद. या शास्त्रात एकाच प्राण्याला दोन नावं पडली, तर आधीचं तेवढं टिकतं. परिषदेत बाई उभ्या राहिल्या की भलेभले आपापली हाडं खिशात घालतात, अशी थट्टा चाले. आता तर देशोदेशीचे अभ्यासक त्यांच्याच पद्धतीनं हाडं कापत होते.

फक्त हे एक हाड बाईंनी कधी कापलं नव्हतं. ते त्यांना स्वतःला सापडलेलं. त्यावरून त्यांनी एक नवा, छोटासा प्राणी जाहीर केला आणि त्याला नवऱ्याचं नाव दिलं. त्या महिनोन् महिने टेकड्या खणत होत्या, तेव्हा नवऱ्यानं बढती नाकारून घर आणि मुलं सांभाळली होती. आल्यागेल्याला तो ऐटीत सांगे, "माझ्या नावाचा प्राणी आहे. माझ्यासारखाच, गरीब आणि नामशेष."

आणि आता त्याच टेकडीत जुन्या नावाच्या मोठ्या प्राण्याची हाडं निघाली होती, आणि विद्यार्थिनी त्यांच्यावर लेख लिहीत होती. नडगीची ठेवण तंतोतंत हीच.

"एकच तर आहे गं ते," बाई म्हणाल्या.

"एकच आहे म्हणून कापायचं नाही, हे भित्र्याचं बोलणं. तुम्हीच शिकवलंत."

"वा! गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणायची."

विद्यार्थिनीचा चेहरा पडला. "तुम्ही नको म्हणालात तर राहू दे, मॅडम. लेखात मी याचा विषयच काढणार नाही. पण ते वेगळं आहे, असंही माझ्याच्यानं लिहवणार नाही."

बाईंना तिचा राग आला. ती खरं बोलत होती म्हणून जास्तच आला. तेवढ्यात फोन वाजला. नवरा.

"काय गं, जेवायला येतेस ना? आणि माझा प्राणी काय म्हणतोय?"

"बरा आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. फोन ठेवून त्या मुलीला म्हणाल्या, "सरक. मी कापते."

जन्मभर लोकांच्या हाडांवर चालवलेली करवत बाईंनी सुरू केली. चकती किंचाळली, करडं पाणी ओघळलं आणि हाडाचे दोन तुकडे झाले. मग बाई काचेवर भुकटी टाकून काप घासत बसल्या. घासायचं, उजेडाकडे धरायचं, पुन्हा घासायचं. मुलगी शेजारी उभी होती.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. भुसभुशीत हाड, रक्तवाहिन्यांच्या छिद्रांनी भरलेलं. वलय एकही नाही. त्यांनी काप फिरवून पाहिला, भिंग बदललं, चष्मा पुसला.

"पिल्लू," त्या म्हणाल्या. "वर्षाचंसुद्धा नाही. लिही तू."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नवऱ्याला फोन लावला.

"अहो, मघाशी खोटं बोलले. तुमचा प्राणी गेला. पिल्लू निघालं ते. आता त्याला मोठ्याचंच नाव लागणार."

"इतका लहान होता?" नवऱ्यानं विचारलं.

"हो."

"मग आता त्याला एकट्याला नको ठेवूस."

बाईंनी हाडाचे दोन्ही तुकडे कापसात गुंडाळले. नवऱ्याच्या नावाची डबी रिकामीच टेबलावर राहिली. मोठ्या प्राण्याचा खण हाडांनी गच्च भरलेला होता. बाईंनी एक थोरली नडगी जराशी सरकवली, शेजारी जागा केली, आणि खण हळूच लोटला.