दाराआडचं वाक्य

मी एक माइक बोलतोय. खरं तर माझं काम ऐकायचं, पण काल जे ऐकलं ते पोटात ठेवून मला चैन पडेना.

लॅपटॉपच्या वरच्या काठावर टाचणीने टोचल्यासारखं भोक असतं, तिथे मी राहतो. आधी मी सुनेकडे होतो. तिने नवं मशीन घेतलं आणि मी तिच्या सासूबाईंकडे आलो. त्या निवृत्त शिक्षिका, म्हणून मीही त्यांना बाईच म्हणतो.

रोज दुपारी चार वाजता बाई लॅपटॉपवरून कॉल लावून आपल्या जुन्या विद्यार्थ्याला पुस्तक वाचून दाखवतात. दोन वर्षांपूर्वी त्याची दृष्टी गेली. आता त्याला शिक्षक व्हायचंय आणि परीक्षा आठ दिवसांवर आलीये. बाई कौतुक करतील तर शपथ! वर्गात उत्तर चुकलं की त्या गप्प बसायच्या, मूल स्वतःच चूक शोधेपर्यंत.

काल सकाळी मशीनमध्ये नवा ड्रायव्हर आला. हा माझ्या आणि मशीनच्या मधला मध्यस्थ. चारला बाईंनी हेडफोन लावला आणि या शहाण्याने ठरवलं की माइक त्याच्यातच असणार. हेडफोनला माइकच नाही. झालं, मला कुणी विचारीना.

बाई वाचत होत्या. पलीकडे त्या विद्यार्थ्याला काहीच ऐकू जाईना. तो घाबरला. हेडफोनमधून झिरपलेला त्याचा आवाज मला येत होता.

"बाई, गप्प का? कालचं उत्तर चुकलं म्हणून?"

बाईंनी पिन काढून घातली, माझ्यावर फुंकर मारली, दोनदा ओरडल्या. तो बिचारा एकेक चूक आठवून कबूल करत होता. शेवटी म्हणाला, "तुम्हाला कळलंय वाटतं. उद्या मी परीक्षेचा अर्ज मागे घेतोय. ज्या मुलांकडे मला बघता येणार नाही, ती माझं का ऐकतील?"

बाईंचे हात थांबले. फोन करायला उठावं तर हेडफोन काढावा लागणार, आणि हल्ली त्याच्याशिवाय त्यांना नीट ऐकू येत नाही. त्या तशाच बोलत राहिल्या.

"अरे वेड्या, मधल्या सुट्टीत तू मागच्या बाकावरच्या पोरांना गणित समजवायचास. मी दाराआड उभी राहून ऐकायचे. मला तरी तू कुठे दिसत होतास? नुसत्या आवाजावर कळलं होतं, हा माझ्यापेक्षा चांगला शिकवेल."

त्यातलं अक्षरही त्याच्यापर्यंत गेलं नाही. त्याने कॉल बंद केला.

मग बाईंनी सुनेला हाक मारली. तिने नवा ड्रायव्हर काढून जुना बसवला, आवाजाच्या यादीत मला निवडलं, मशीन बंद करून चालू केलं. कॉल पुन्हा लागला. मी कान टवकारले. बाईंनी घसा खाकरला.

"माइक बिघडला होता. पान एकशे बारा काढते."

"म्हणजे रागावला नव्हतात?"

"नाही रे."

आणि वाचायला लागल्या. तो नुसता "हं, हं" करत होता. चाळीस वर्षांची सवय, कौतुक ओठांवर येऊन परत जातं.

आज पुन्हा चार वाजलेत. त्याने अर्ज मागे घेतला नाहीये अजून, कॉल लागताच म्हणाला, कचेरी पाचला बंद होते. बाईंनी पुस्तक उघडलंय. मी धडधाकट आहे, वाट मोकळी आहे. पण कालचा आवाज मला आज धाडता येत नाही हो, आत्ता बोललेलं तेवढं पोचवता येतं.

बाई, पुस्तक जरा मिटा. ते दाराआडचं त्याला सांगा ना.