‘डॉटर’वरची काट

सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. टेबलाशी बसायची, पेन्सिलीला टोक काढायची, उठून खिडकीशी जायची, पुन्हा बसायची. संध्याकाळपर्यंत कोशाचं पान छापखान्यात जायला हवं होतं आणि त्यातल्या एका नोंदीने तिची गत धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी करून ठेवली होती.

नोंद ‘डॉटर’ या इंग्रजी शब्दाची. शब्दांची कुळं सांगणाऱ्या त्या कोशाच्या पहिल्या आवृत्तीत ती तिच्या बाबांनी लिहिली होती: डॉटर, त्याआधीचं जुन्या इंग्रजीतलं रूप, त्याची ग्रीकमधली बहीण, संस्कृतातली बहीण ‘दुहिता’, आणि दुहिता म्हणजे गाईची धार काढणारी. या एका नोंदीवर बाबांनी आयुष्यभर सभा जिंकल्या. तिलाही ते लहानपणापासून ‘गवळण’च म्हणायचे. तिने जन्मात गाईला हात लावला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

आता नवी आवृत्ती तिच्या हाती होती आणि धार काढण्याची ती गोष्ट पुराव्याला टिकत नव्हती. काट मारून मोकळं होता आलं असतं, पण कोशाच्या कचेरीचा नियम आडवा आला: ज्याची नोंद काटायची, त्याला ती समोर बसून वाचून दाखवायची. नियमही बाबांचाच. आणि बाबा आता अंथरुणाला खिळलेले. आजारी माणसाच्या ताटातला घास काढायला निघालेय असं तिला वाटत होतं आणि स्वतःचाच राग येत होता.

शेवटी दुपारी ती त्यांच्या खोलीत गेली आणि एका दमात वाचून टाकलं. बाबांचा चेहरा उतरला. मग ते उशीला टेकून भांडायलाच बसले. ‘दुह्’ हा धार काढण्याचा धातू डोळ्यांसमोर आहे तो दिसत नाही का, आणि पुरावा काय, असं खडसावून विचारलं.

“धार काढणं हा अर्थ संस्कृतच्या शाखेपुरता आहे, बाबा. ग्रीकमध्ये मुलगी आहे, इंग्रजीत मुलगी आहे. धार तिथे कुठेच नाही.”

बाबांनी पान हातात घेऊन नोंद पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी पेन्सिल मागितली आणि, वाकडी का होईना, तिच्यावर रेघ स्वतःच ओढली. तिला रडू आवरेना.

“रडतेस काय, गवळणबाई? पुढची पानं आण. माझ्या आणखी थापा आहेत त्यांत. मी आहे तोवर काट. मी गेल्यावर काट मारायला तुझा हात धजायचा नाही.”