उंबरठ्याची देवी

अमोलनं वीतभर उंचीची मूर्ती बापाच्या पुढ्यातल्या पाटावर ठेवली आणि तिच्यावरचं फडकं काढलं. पुंडलिक एका गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होता. त्यानं श्वास रोखून बुबुळ पुरं केलं, मगच मान वळवली.

"आता ही कोण?"

"शेवटची. हिचे डोळे तेवढे राहिलेत."

अमोलची आई रंभा पलीकडे गणपतींच्या पितांबरांच्या सोनेरी किनारी ओढत बसली होती. तिचे हात कामात होते, कान मात्र तिकडे लागले.

पेणजवळच्या हमरापूरच्या त्या गणपतींच्या कारखान्यात आषाढापासून हा नवाच उद्योग चालला होता. अमोल मुंबईला चित्रकला शिकत होता आणि गणपतींच्या कामाला घरी आला होता. त्याच्या होस्टेलवरच्या आदेश नावाच्या मित्रानं एक खेळ रचायला घेतला होता. खेळणाऱ्यांनी एकेक सोंग घ्यायचं, कुणी सरदार, कुणी चेटकीण, आणि फासे टाकत मनानंच उभ्या केलेल्या एका मुलखात भटकायचं. मुलूख म्हटला की नद्या आल्या, राजे आले आणि देवही आलेच. ते देव रचून त्यांच्या छोट्या मूर्ती घडवायचं काम अमोलच्या गळ्यात पडलं. हा पेणचा, म्हणजे देव याच्या घरचेच, असा त्या मुंबईकर पोरांचा समज.

पहिल्या दिवशी पुंडलिकनं भरपूर तोंडसुख घेतलं. "लोकांना देव आधी ठाऊक असतो, मंग ते मूर्ती मागतात. तुजं सगलंच उलटं!" पण दोन-चार दिवसांत गडी विरघळला. जेवताना स्वतःच विचारू लागला, की आज कुठला देव जन्माला आला, त्याला नैवेद्य काय, त्याचं पथ्य काय. वादळाच्या देवाला मीठ वाहायचं ही कल्पना त्याचीच. "आमची मिठागरा खाऊन खाऊन त्याला चव लागली आसंल," म्हणाला. चोरांच्या देवाला तर त्यानं असे डोळे काढले, की समोरच्यानं आपला खिसा चाचपून बघावा. बापलेक खो खो हसले. रंभाही हसली, आणि हसता हसता तिला स्वतःचाच राग आला. वर्षभरात या घरात पहिल्यांदा हसू फुटलं होतं आणि ते खोट्या देवांपायी.

"हिचं काम काय?" पुंडलिकनं विचारलं.

"उंबरठ्याची देवी हाय. माहेरी परत आलेल्या पोरींची."

पुंडलिकचा कुंचला रंगाच्या वाटीवर थांबला.

"नैवेद्य?"

"गरम भात. उंबरठ्यावरच ठेवायचा."

"आन पथ्य?"

"दारात पोर आली, की हातातलं काम खाली ठेवायचं. तिचं सगलं ऐकून होईस्तोवर कुनी कामाला हात लावायचा नाय."

"लावला तर? कोपते?"

"नाय," अमोल म्हणाला. "ही देवी कोपत नाय. निघून जाते."

रंभानं आता सरळ मूर्तीकडे पाहिलं. डावी भुवई किंचित वर चढलेली. दोन्ही हातांनी छातीशी धरलेली कापडी पिशवी. अनिता! तिची लेक अनिता, डोळ्यांची जागा पांढरी ठेवलेली.

मागच्या श्रावणात अनिता रोह्याच्या सासरहून गाडीनं आली होती, जिते स्टेशनावर उतरून पायी. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर, फळ्यांवर, पार चुलीपर्यंत गणपती मांडलेले. म्हणून ती उंबरठ्यावरच उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, की मी आता त्या घरात परत जाणार नाय. ती आणखीही काही सांगत होती. पुंडलिकनं गणपतीच्या डोळ्यांवरून नजर काढली नाही, रंभानं किनारीवरून काढली नाही. "सीझन चाललाय," पुंडलिक म्हणाला होता. "गणपती होऊ दे, मंग बघू." संध्याकाळच्या गाडीत त्यानंच तिला बसवून दिलं. चांगल्या मनानं दिलं, सोबत नारळही दिले. गौरी आल्या त्या दिवशी रोह्याहून निरोप आला, की अनिता कुंडलिका नदीत सापडली.

तेव्हापासून तिचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं. रंभालाही धीर झाला नव्हता, कारण नाव काढलं असतं तर ती किनारही आठवावी लागली असती. आणि आता हा पोरगा एवढा देवांचा मेळा रचून आला होता तो कशासाठी, हे तिला लख्ख कळलं. बापानं एकदा, फक्त एकदा, तिच्या तोंडाकडे बघावं. डोळे काढायचे म्हणजे बघावंच लागतं.

पुंडलिकनं मूर्ती उचलली. उजेडाकडे धरली. अंगठ्यानं तिच्या गालावरची धूळ पुसली.

मग त्यानं मूर्ती अलगद बाजूला ठेवली आणि कुंचला फडक्याला पुसला.

"सीझन चाललाय," तो म्हणाला. "गणपती होऊ दे, मंग बघू."

रंभानं त्याच्या चेहऱ्यावर शोध शोध शोधलं. काही नव्हतं. दाढ दुखली, छप्पर गळलं, पाहुणे आले, सगळ्याला त्याचं हेच उत्तर असायचं, आणि आताही ते तसंच सवयीनं तोंडातून निघालं होतं. त्याला कळलंसुद्धा नव्हतं. कळलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

अमोलनं चपला पायांत सरकवल्या आणि तो बाहेर निघून गेला.

रंभानं कुंचला खाली ठेवला. रॉकेलच्या बोळ्यानं बोटांचं सोनेरी पुसलं, हात धुतले, आणि चुलीवरच्या टोपातला भात ताटलीत वाढला. मूर्ती उचलून तिनं उंबरठ्यावर ठेवली, पुढ्यात ताटली ठेवली आणि समोर मांडी घालून बसली.

"अगो, किनारी राहिल्यात," पुंडलिक म्हणाला. "उद्या दादरचा टेम्पो येल."

"येऊ दे."

"झालंय काय तुला?"

"काय नाय. ऐकायला बसलंय."

"कुनाचं?"

रंभानं ताटली मूर्तीजवळ सरकवली. पुंडलिकनं उंबरठ्याकडे पाहिलं, वाफाळत्या भाताकडे पाहिलं, आणि त्याची मान हळूहळू खाली गेली. आता उठेल, असं तिला वाटलं. तो उठलाही. रंभाच्या जागेवर येऊन बसला, तिचा कुंचला सोनेरीत बुडवला आणि अर्धी राहिलेली किनार पुढे ओढू लागला. किनार अगदी सरळ आली.

रंभानं त्याच्याकडे पाठ केली आणि बिनडोळ्यांच्या त्या तोंडापुढे वाकली.

"बोल गो बाय," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."