झेंड्यावरची खोळ

"साहेबाची गाडी चालवणाऱ्याच्या बायकोनं डोळे उघडे ठेवावेत आणि तोंड शिवून घ्यावं," असं सासूबाईंनी लग्न झाल्या झाल्या बजावलं होतं. सून कॉलेजात शिकलेली. ती हसून म्हणाली होती, "आई, मी काय चव्हाट्यावर बसणार आहे?"

चव्हाट्यावर ती बसली नाही. पाळणाघराच्या फाटकाशी उभी राहिली, एवढंच.

नवरा शहराच्या पोलीसप्रमुखांचा ड्रायव्हर. गाडीच्या नाकावर छोटा झेंडा. साहेब आत असले की झेंडा मोकळा, साहेब उतरले की त्यावर कातडी खोळ, हा नियम घरातल्या केरसुणीलाही पाठ होता. आणि एका दुपारी, बाळ कडेवर घेऊन ती कोपऱ्यावर उभी असताना, तीच गाडी समोरून रांगत गेली. मागे साहेब, साध्या कपड्यांत. झेंड्यावर मात्र खोळ. नवऱ्यानं तिला पाहून न पाहिल्यासारखं केलं. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाला, "गाडीतलं गाडीत."

हे तिनं फाटकाशी रोज भेटणाऱ्या एका जुळ्यांच्या आईला सांगितलं. सहज, गंमत म्हणून.

मग प्रमुखांनी एकाएकी पद सोडलं. निरोपसमारंभ नाही, भाषण नाही. सकाळी खुर्ची रिकामी. लोकांना काय, आयतं कोलीत मिळालं. कोणी म्हणे जप्तीचं सोनं पचवलं, कोणी म्हणे दुसरं घर मांडलं. आणि प्रत्येक बातमीला तेच शेपूट: "अहो, खोळ घालून लपतछपत फिरायचे. घरच्याच माणसानं पाहिलंय."

"तुम्ही नका हं घोर लावून घेऊ," जुळ्यांची आई मायेनं म्हणाली. "मोठे सुटतात नि ड्रायव्हर अडकतो, हे खरंय. पण तुमचे तसले नाहीत."

त्यानंतर ती रोज नवरा घरी येईपर्यंत खिडकीशी उभी राहू लागली. एका सकाळी नवऱ्याला नव्या प्रमुखांचा निरोप आला: वर्दी घालून या. तो चहा अर्धा टाकून गेला. तिनं दूध उतू घालवलं, आणि ओटा पुसता पुसता सासूबाईंना सगळं सांगून टाकलं.

"झेंड्याला खोळ होती, तुझ्या तोंडाला घालायची राहिली," त्या म्हणाल्या. मग हात पुढे केले. "दे बाळाला इकडे. तू आधी चहा घे."

दुपारी नवरा आला. बूट काढले, नेहमीच्या जागी नीट लावले आणि म्हणाला, "भूक लागलीय."

"आधी सांगा."

"साहेबांच्या बायकोला हल्ली काही आठवत नाही गं. घर आठवत नाही, साहेब कोण तेही नाही. दार उघडं दिसलं की चालू लागायच्या. आम्ही गल्लोगल्ली शोधायचो. झेंड्याची गाडी पाहिली की घाबरायच्या, आपल्याला धरायला आले म्हणून. खोळ घातली की मुकाट बसायच्या. मला दादा म्हणायच्या."

"आणि आज?"

"जाताना साहेब नव्या प्रमुखांना सांगून गेले होते, अफवा ड्रायव्हरच्या अंगाशी येऊ देऊ नका, खरं काय ते सगळ्यांना सांगा. त्यांनी आज हजेरीला मला शेजारी उभं करून सांगितलं. साहेब बाईंना घेऊन त्यांच्या माहेरी राहायला गेलेत. तिथल्या गल्ल्या अजून आठवतात त्यांना."

तिचा जीव भांड्यात पडला. पाटावर बसून ती रडली आणि रडता रडताच हसू आलं. "मला का नाही सांगितलंत?"

आतून सासूबाई खाकरल्या.

"आता बोलू का?" तिनं विचारलं.

"आता बोल," सासूबाई आतूनच म्हणाल्या. "चांगलं मोठ्यानं बोल."

दुसऱ्या दिवशी फाटकाशी ती मोठ्यानंच बोलली. जुळ्यांची आई ऐकता ऐकता जवळ सरकली. "आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा," ती हळूच म्हणाली, "परवा मलाच विचारत होते, जिना कुठाय. मला वाटलं थट्टा करतायत." आणि मुलं आत सोडून ती तरातरा घराकडे निघाली.

तुमच्याकडेही तिचं एवढंच मागणं आहे. ओळखीचं कोणी रोजच्या रस्त्यावर घुटमळताना दिसलं असेल, कोणाचं दार हल्ली बंदच असेल, तर त्याची बातमी करण्याआधी जा, कडी वाजवा, विचारा, कसे आहात. आजच जा.