अर्धा पाला, अर्धा कडबा

कुसुमबाई सुबाभळीचा पाला डोक्यावर घेऊन वावरातून निघाली की रोहण्याच्या पांदणीत आधी भारा दिसायचा, मग बाई. चुंबळ कपाळावर घसरलेली, मान खांद्यांत गेलेली. दिवसातून दोन फेऱ्या. एक उन्हाच्या आधी, एक उन्हं कलल्यावर. अठ्ठ्याण्णवच्या होळीपासून एकही खाडा नव्हता, आणि आता वैशाख लागला होता.

एवढा पाला एकट्या गायीसाठी. धवळी म्हातारी होत आली होती आणि पोटुशी होती. हे तिचं शेवटचं वेत, असं सगळेच म्हणत. दोन वर्षांपूर्वी गुंजनच्या लग्नात, भर मांडवात कुसुमबाईनं शब्द टाकला होता, "धवळीले पहिली कालवड होईन ते माह्या लेकीच्या आंदणाची." मागच्या सालच्या संक्रांतीला धवळी व्याली, तर गोऱ्हा झाला. गोऱ्हा आंदणात देत नाहीत.

गुंजनचं सासर जामला. हायवेला लागून चहा-फराळाचं दुकान. तिची सासू हसत हसत बोलायची. "तुही गाय रोहण्यावून पायीच येऊन राह्यली वाटते. पोचन वं, पोचन." गुंजन माहेरी आली की हे सांगायची, तेही हसतच. कुसुमबाईला लेकीचं ते हसू ऐकवत नसे.

म्हणून यंदा तिनं धवळीला आखरावर पाठवणंच बंद केलं होतं. सकाळी गावची गुरं आखरावर जमत आणि गायकी चंद्रभान त्यांना चारायला दूर डोंगराच्या अंगाला नेई. पोटुशी गाय एवढी कशाला चालवायची? शिवाय मागच्या साली धवळी लंगडत घरी आली, तेव्हा कुसुमबाई चारचौघांत चंद्रभानला बोलली होती, "तुह्या हाती सावली देली तं तेही लंगडत येईन." गाव आठ दिवस हसलं. चंद्रभान हसला नाही.

धुऱ्यावरच्या सुबाभळी तिनं स्वतः लावलेल्या. नर्सरीतून रोपं आणली, बी वेगळं आणलं, ते कढत पाण्यातून काढून टोचलं. चार वर्षांत झाडं डोक्यावर गेली. बाकी सारं रान पिवळं पडलं तरी ही झाडं हिरवी. कापलं की फुटायची, कापलं की फुटायची. झाडं थकत नव्हती, कापणारी थकत होती. विळा चालवता चालवता ती पुटपुटायची,

लेकीच्या आंदणाले, देईन गाय धवळी
पाय थकले माहे, वाट अजून कवळी

कोठ्यात बैलांपुढे ज्वारीचा कडबा पडायचा. धवळीपुढे निव्वळ पाला, तोही कवळा, जून देठ काढलेला. तिचे यजमान मनोहरराव एकदा म्हणाले होते, "थोडा कडबा घाल ना वं तिलेबी. तुही मान तं वाचन."

"पोटुशीले कोरडं कोनी घालते का?" कुसुमबाई म्हणाली. "लेक बाळंतपणाले आली तं तिले शिळी भाकर वाढीन का मी?"

मनोहररावांनी वांग्यांचं पोतं उचललं आणि ते आर्वीच्या बाजाराला गेले.

वैशाखाच्या सुरुवातीला धवळीच्या शेपटीचा गोंडा विरळ झाला. मग शेपूट दोरीसारखी दिसू लागली. मानेवर, पुठ्ठ्यावर कातडी उघडी पडली. तोंडातून लाळ गळायची. पाला पुढे असून ती नुसती उभी राहायची. बैल कडबा खाऊन होते तसेच होते.

"नजर आहे, बाई," शेजारची जाऊ शोभाबाई म्हणाली. "जामची विहीण आलती ना रंगपंचमीले? लय येळ पाहत होती गायीकडे."

कुसुमबाईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, गळ्यात काळा दोरा बांधला, आणि गाय खात नाही म्हणून आणखी कवळा पाला आणायला आणखी पुढच्या धुऱ्यावर जाऊ लागली. भारा तोच, वाट लांब झाली.

मनोहरराव ओट्यावर बसून डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "चला, टक्कल पडून राह्यलं तिलेबी. या घरात मी एकटाच होतो."

कुसुमबाई हसली नाही. ती भिंतीला पाठ लावून बसली आणि तिला वाटलं, आता उठूच नये. पण पोटात वासरू होतं. तिच्या शब्दाचं वासरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आखरावर गेली. गुरांच्या पायांची धूळ उडत होती. गाई सोडायला आलेल्या बाया तिला पाहून गप्प झाल्या. चंद्रभान काठीला टेकून उभा होता.

"या वैनी. सावली आणली का चारायले?"

बाया पदराआड हसल्या. कुसुमबाईनं ते ऐकून घेतलं. "गाय पाह्यले येजो भाऊ," एवढंच ती म्हणाली. आवाजात भांडायचंही त्राण नव्हतं. त्यामुळे असेल, चंद्रभाननं गुरं पुतण्याच्या हवाली केली आणि तो तिच्या मागून निघाला.

कोठ्यात त्यानं धवळीच्या शेपटीवरून हात ओढला. मुठीत केस आले. त्यानं गळा चाचपला, तोंड उघडून पाहिलं, मग गव्हाणीत हात घालून पाल्याची एक डहाळी उचलली.

"कडबा कुठी आहे?"

"बैलाइले."

"अन् हिले?"

"पोटुशी आहे ना ते."

चंद्रभाननं हातातली डहाळी तिच्यापुढे धरली. "वैनी, लेक बाळंतपणाले आली तं तिले दोन्ही टायमाले निस्ता गूळ चारता का?"

कुसुमबाईची नजर गव्हाणीकडे गेली.

"पाला चांगला आहे. दुधाले चांगला, अंगाले चांगला. पण निस्ता पाला बाधते. माह्या शेळ्याइचे असेच केस गेलते एका सालाले, मीच चारलतो दिवसभर. आता पंधरा दिवस पाला दाखवू नोका तिले. मंग अर्धा पाला, अर्धा कडबा."

"अन् वासरू?"

"ते मी काय सांगू," चंद्रभान म्हणाला आणि डहाळी परत गव्हाणीत न ठेवता बाहेर बैलांपुढे टाकून गेला.

नर्सरीतला माणूसही रोपं देताना म्हणाला होता, कडब्यात मिसळून घाला. तिला वाटलं होतं, ज्याच्याकडे हिरवं कमी आहे त्याच्यासाठी ही गोष्ट. कुणाची नजर नव्हती तर. तिचाच हात होता. तिनं धवळीच्या गळ्यातला काळा दोरा सोडला आणि तो कुठे टाकावा हे न सुचून बराच वेळ मुठीत धरून ठेवला.

कडबा बारीक कापून, वर मिठाचं पाणी शिंपडून तिनं गव्हाणीत घातला. दोन दिवस धवळीनं तोंड फिरवलं, रुसलेल्या माहेरवाशिणीसारखं. तिसऱ्या दिवशी चार काड्या चावल्या. पंधरवडा उलटून गेल्यावर तिनं अर्धा पाला पुन्हा सुरू केला, तेव्हा शेपटीच्या टोकाशी खरखरीत, पांढरे, नवे खुंट हाताला लागू लागले.

ज्येष्ठात, भर दुपारी ती व्याली. कालवड. एवढीशी, ओल्या फडक्यासारखी, आणि उभी राहीना. दोन दिवस मनोहरराव तिला पोटाखाली हात घालून उचलून धरत आणि कुसुमबाई आईचा सड तिच्या तोंडात देई. तिसऱ्या दिवशी मनोहरराव हात काढून बाजूला झाले, आणि कालवड चार पाय चार दिशांना फाकवून उभी राहिली.

"पाह्य," ते हळूच म्हणाले. "तुह्यासारखीच आहे. पडत बी नाई, धड उभी बी राहत नाई."

गावातल्या दुकानाच्या फोनवरून जामला निरोप गेला. गुंजन एसटीनं आली. पिशवी ओट्यावर ठेवून ती थेट कोठ्यात शिरली आणि कालवडीपाशी बसली. कालवडीनं तिचं बोट चोखलं.

"लय बारकी आहे वं माय."

"माह्या हातानं झालं ते," कुसुमबाई म्हणाली, आणि सगळं सांगितलं. गुंजननं कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला.

"आता कशी नेऊ हिले? सालभर आईपाशी राहू दे. मंग नेतो."

"अन् तुही सासू?"

"तिले सांगतो, निघाली आहे, पायी येऊन राह्यली." या वेळी गुंजन खरंच हसली.

सालभर. कुसुमबाईला ते साल डोळ्यांपुढे दिसलं. दोन फेऱ्या, धुरा, विळा, पांदण. तिला वाटलं होतं, शब्द पुरा झाला की मान मोकळी होईल. उन्हं कलली होती. ती सवयीनं उठली आणि चुंबळीसाठी फडकं पिळू लागली.

गुंजननं तिच्या हातून फडकं घेतलं, खुंटीवरचा विळाही काढला. "बस तू. आज मी जातो."

कुसुमबाई बसली. पाल्याला दुसरं कुणी निघालं असताना होळीपासून पहिल्यांदा ती दारात बसली होती, आणि पाय कुठे ठेवावेत हेच तिला कळेना. गुंजन पांदणीच्या तोंडाशी पोचली, तेव्हा तिनं हाक दिली,

"अर्धाच आणजो वं."